कामाच्या दिवशी किल्ला

बाजाराच्या मोठ्या कमानीच्या पायथ्याशी, उजव्या हाताला, मावशी बसायची. पुढ्यात लोखंडी ऐरण, बाजूला आरी, कातडं कापायची रापी, खिळ्यांचा डबा आणि मेण लावलेला दोरा. चपला शिवणं हा तिचा धंदा. आधी नवरा बसायचा, तो गेल्यावर त्याच दगडावर ही बसली. सगळा बाजार तिला तोंडावर मावशी म्हणायचा आणि पाठीमागे तोफ. दोन्ही नावं तिच्या कानावर होती आणि खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडायचं.

तिथून मान जरा वर केली की समोर डोंगरावरचा किल्ला दिसायचा. तो बघायला लांबून लांबून माणसं यायची. किल्ला झाला की तळ्यावरच्या बागेत होडीत बसायची, जुन्या मनोऱ्यावर चढून फोटो काढायची. जाताना मावशीला वाट विचारायची आणि येताना तुटलेल्या चपला आणायची. किल्ल्याच्या पायऱ्या म्हणजे मावशीच्या धंद्यातल्या भागीदारच. त्यांनी तोडायचं आणि हिनं जोडायचं.

वाट सांगताना तिची ऐट बघण्यासारखी असायची. हातातली आरी हवेत नाचवत म्हणायची, "सरळ जा, तळ्याच्या कडेनं वळा. चढ संपला की मागचा दरवाजा लागतो, तिथनं आत शिरा. समोरच तोफ आहे, चुकायचं नाही!" ऐकणाऱ्याला वाटावं, ही कालच जाऊन आली असणार. पण मावशी जन्मात कधी किल्ल्यावर गेली नव्हती. सांगायची ते सगळं नवऱ्याकडून ऐकलेलं, आणि नवराही गेला होता तो लहानपणी, शाळेतून.

का गेली नव्हती? बाजार सोमवारी बंद. किल्लाही सोमवारी बंद. बाग बंद, मनोरा बंद. ज्या कुणा शहाण्यानं हे ठरवलं, त्याला बाजारातल्या माणसांनाही डोळे असतात हे सुचलंच नसावं. इतर दिवशी संध्याकाळी बाजार उठेपर्यंत किल्ल्याच्या फाटकाला कुलूप लागायचं. आणि दिवसा उठून जावं, तर नियम आडवा. माणूस आजारी असेल किंवा घरात मयत झालं असेल तरच जागा रिकामी ठेवायची. नाहीतर जागा दुसऱ्याला. हा नियम राखायला बाजाराचे साहेब होते. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून ते शिट्टीसाहेब.

तर एका दुपारी एक बाई आल्या. एका पायात सँडल, दुसरी हातात, काखेला रडवेली मुलगी. घामानं निथळत होत्या.

"मागचा दरवाजा म्हणालात ना तुम्ही? तिथं भिंत आहे, भिंत! कधीचं चिणून टाकलंय. बाकीचे लोक पायऱ्या दिसल्या की तिकडनंच चढतात, मी मेली तुमच्या सांगण्यावर गेले. एवढ्या उन्हात मुलीला घेऊन काट्याकुट्यातनं परत उतरले मी. तुम्ही स्वतः वर गेलाय तरी का कधी?"

मावशीनं हातातली आरी खाली ठेवली.

"नाही," ती म्हणाली.

समोरचा फळवाला फिस्सकन हसला. मग शेजारचा हसला. मग अख्खी ओळ खोखो करायला लागली. "आपल्या तोफेनं तोफच नाही बघितली!" मावशीनं ते हसणं एक वेळ गिळलं असतं. पण त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं, "बरं, असू दे," म्हणाल्या आणि सँडल पुढे केली. ते मात्र तिच्या जिव्हारी लागलं. तिनं सँडल शिवून दिली, पैसे घेतले नाहीत आणि त्या दिवशी मग कुणालाही वाट सांगितली नाही.

घरी येऊन तिनं सुनेला सांगून टाकलं, "उद्या मी किल्ल्यावर जाणार."

सून भांडी घासत होती. तिचा हात थांबला. "उद्या सोमवार नाही, आई."

"म्हणून तर."

सुनेला पुढचं सगळं लख्ख दिसलं. मावशीचा दीर मागच्या गल्लीत छत्र्या दुरुस्त करायचा, आणि कमानीखालच्या जागेवर त्याचा कितीतरी दिवसांचा डोळा होता. जागा दादाची होती, म्हणजे माझीही, हे त्याचं पालुपद. "काका टपूनच बसलेत," सून म्हणाली. "असं करू या ना, आई. तुम्हाला ताप आलाय असा साहेबांना निरोप देते. कोण बघायला येतंय?"

"ताप आला की जागा राहते. कुणी मेलं की जागा राहते. आणि धडधाकट माणसाला आपल्याच गावचा डोंगर बघायचा असला, तर जागा जाते! हा कुठला न्याय गं? मी काय चोरी करायला चाललेय? तापाचं नाव काढू नकोस. मी सांगून जाणार."

आणि गेली की सांगायला! सकाळी सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून, तेल लावलेली चप्पल घालून कमानीपाशी हजर. शिट्टीसाहेबांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"साहेब, आज माझी जागा रिकामी राहील. मी किल्ला बघायला चाललेय."

"तब्येत बरी नाही का, मावशी?"

"ठणठणीत आहे."

"अहो, किल्ला काय पळून जातोय का?"

"किल्ला नाही पळत. माझे गुडघे चाललेत."

"नियम माहितेय ना तुम्हाला?"

"तोंडपाठ. तुम्ही गेलाय का हो वर कधी?"

साहेबांनी उगाचच शिट्टी चाचपली. त्यांचीही सुट्टी सोमवारीच असायची. मावशी पाठ फिरवून चालू लागली.

पायऱ्या अर्ध्या चढून झाल्या आणि काडकन मावशीच्याच चपलेचा अंगठा तुटला. भागीदारानं आज तिलाही सोडलं नाही. ती मनापासून हसली, पायरीवर बसली, कमरेला खोचलेली आरी काढली आणि अंगठा शिवायला लागली. ते बघून एक तरुण आपला बूट घेऊन पुढे आला. "आजी, एवढं जरा..."

"आज सुट्टी आहे," मावशी म्हणाली. हे वाक्य बोलताना तिला जे काही वाटलं, त्यासाठीच जणू ती एवढं चढून आली होती.

वर पोचली आणि आधी तोफ शोधली. बघते तर काय, कमरेएवढी, गंजलेली, तोंडात चिमणीचं घरटं! "एवढीशीच?" मावशीचा चांगलाच हिरमोड झाला. लोक आपल्याला काय म्हणत होते हे तिला आज कळलं. मग ती तटाकडे गेली आणि तिथं मात्र दोन्ही हात दगडावर टेकून बघतच राहिली. खाली सगळं गाव होतं. तळं आरशासारखं चकाकत होतं, त्यात होड्यांचे ठिपके. मनोरा, नदीचं वळण, पलीकडची हिरवी शेतं. हे सगळं एवढ्या जवळ होतं आणि आपण आयुष्यभर खाली मान घालून लोकांचे तळवे बघत बसलो! तिला आनंदही झाला आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

मग तिनं बाजार शोधला. कमान सापडली. आणि कमानीच्या उजव्या हाताला निळी-पिवळी ठिगळं लावलेली भलीमोठी छत्री उघडलेली दिसली. अशी छत्री गावात एकच होती. दिराची.

आत्ता उतरलं तर दुपारच्या आत पोचता येईल. दिराला उठवणं काही अवघड नव्हतं, चार शब्द सुनावले असते की तो छत्री मिटून पळाला असता. ती उतरायला लागलीही. काही पायऱ्या उतरून गेली आणि थांबली. नवऱ्यानं कधी नेलं नाही म्हणून राग, नियमाचा राग, त्या छत्रीचा राग, आणि सगळ्यात जास्त राग स्वतःच्या पायांचा, की शिट्टी न वाजताच ते निघाले होते.

"बस म्हणावं," ती मोठ्यानं म्हणाली. शेजारचं एक जोडपं दचकून बाजूला झालं. "माझं बघून होईपर्यंत खुशाल बस."

आणि ती परत वर चढली. सगळा तट फिरली, एकही बुरूज सोडला नाही. शेवटी मागचा दरवाजा शोधून काढला. खरंच चिणलेला होता. जुन्या काळ्या दगडांत नवे दगड वेगळे दिसत होते. त्यांच्यावर तिनं तळवा ठेवून बघितला.

खाली आली तेव्हा बाजार उठायला आला होता. दीर छत्रीखाली मान खाली घालून बसलेला. ओळीतली सगळी माणसं आवराआवर सोडून बघत राहिली. शिट्टीसाहेबांनी मावशीला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मावशी, ताप आला होता एवढंच म्हणा. मी त्यांना उठवतो. बाकी माझ्यावर सोडा."

साहेब मनानं वाईट नव्हते. मावशीनं आपल्या जागेकडे बघितलं. नवऱ्याच्या आणि तिच्या बसण्यानं तो दगड गुळगुळीत झाला होता. घरापेक्षा तिचा जीव त्या दगडावर जास्त होता. एका खोट्या शब्दाचं काम होतं.

"ताप नव्हता, साहेब. किल्ल्यावर गेले होते. फार सुंदर आहे. तुम्हीही जाऊन या."

"बरं, पुन्हा असं होणार नाही, एवढं तरी म्हणा."

"होणार. अजून तळं राहिलंय."

कुणी हसलं नाही. फळवालासुद्धा नाही.

जागा दिराला गेली. घरी येऊन मावशी ढसाढसा रडली, अगदी नवरा गेला तेव्हासारखी, आणि सून तिची पाठ चोळत बसली. पण दुसऱ्या दिवशी मावशीनं ऐरण उचलली आणि कमानीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, भर उन्हात मांडली. तिथं शिट्टी चालत नाही. दीर उठून आला, ओशाळून म्हणाला, "वहिनी, निदान छत्री तरी घ्या."

"असू द्या, भावोजी. तुम्हाला सावलीत लागेल."

तेवढ्यात एक कुटुंब सवयीनं कमानीपाशी थांबलं. बापानं दिराला किल्ल्याची वाट विचारली. दीर भावाकडून ऐकलेलं सांगायला लागला, "तळ्याच्या कडेनं वळा, मागचा दरवाजा लागेल..."

"अहो पाहुणे!" रस्त्यावरून तोफ कडाडली. "तिकडनं जाऊ नका! पायऱ्यांनी जा. मागचा दरवाजा चिणलाय. मी हात लावून आलेय!"