चित्रात थांबलेला नवरा

नलिनी करंबेळकरच्या नशिबानं तिची फार दुष्ट थट्टा केली. उत्तरेतल्या त्या नव्या शहरात, सेक्टर दहाच्या म्युझियममध्ये ती गाइड लागली आणि तिच्या वाट्याला नेमकं बारमासाचं दालन आलं. बारा महिन्यांची जुनी पहाडी चित्रं. प्रत्येकात नवरा परदेशी निघालेला, आणि बायको त्या महिन्याची गोडी सांगून त्याला अडवतेय.

तिचा स्वतःचा नवरा श्यामकांत, सेक्टर तीसच्या लॅबमधला इंजिनिअर, म्युझियम उघडलं त्याच साली, अडुसष्टात, बदलीवर बंगलोरला गेला होता. "क्वार्टर मिळालं की बोलावतो," म्हणाला. ते क्वार्टर काही मिळेना. नलिनी मात्र चित्रं दाखवताना पाहुण्यांना ठासून सांगे, "और वो रुक गया, जी." चित्रात तसं काहीच नव्हतं. त्याला तिनंच थांबवलं होतं.

जवळच्या चंडीमंदिर छावणीतल्या अफसरांच्या बायकांना सगळं पक्कं ठाऊक. पत्ते खेळून कंटाळल्या की मुद्दाम यायच्या. "नलिनीजी, आपके वाले किस महीने में गये थे?" एकीनं विचारायचं, बाकीच्यांनी पदराआड हसायचं. जळो मेली ती करमणूक! नलिनी हसून म्हणे, "आयेंगे, लेने आयेंगे."

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात श्यामकांत खरंच आला. घोळक्यात मागे उभा राहून त्यानं सगळं ऐकलं. तिचा आवाज नुसता फुलून आला. न्यायलाच आला की माणूस!

लोक पांगल्यावर तो म्हणाला, "छान बोलतेस. एवढं बोलणारी बायको असली तर कोणीही गाव सोडेल." मग घड्याळाकडे बघत सांगून टाकलं. बंगलोरला त्यानं दुसरं बिऱ्हाड थाटलं होतं, मूलही होतं. हिच्याकडून घटस्फोट तेवढा हवा होता. "उगाच त्रास देऊ नकोस," म्हणाला आणि निघून गेला.

तेवढ्यात सुनेत्रा आली. एका कॅप्टनची बायको, साताऱ्याची, नव्या लग्नाची. त्या सगळ्यांत न हसणारी ही एकटीच. तिचा नवरा त्याच सकाळी सरहद्दीवर गेला होता. मार्गशीर्षाच्या चित्रापुढे उभी राहून ती म्हणाली, "काकू, पुन्हा एकदा सांगा ना. थांबला ना हो तो?"

नलिनीनं तिच्या हिरव्या चुड्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "गेला. परत आलाच नाही. तुझाही नाही यायचा."

पोरीचं तोंड पांढरंफटक पडलं. भिंतीला धरून ती खालीच बसली. आणि नलिनीला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, बरं वाटलं.