थोरलीचा दोरा

आमच्या घरात तीन जीपगाड्या आहेत, दोन ट्रॅक्टर आहेत आणि पदवी एकही नाही. निकाल लागला की पहिली पदवी माझी होईल. असं लिहिताना जरा मोठेपणा केल्यासारखं वाटतं, पण खरं तेच आहे. आणि ही पदवी एका मळक्या लाल दोऱ्यामुळे मिळते आहे, हेही तितकंच खरं.

आमचं गाव तुळजापूर-नळदुर्ग रस्त्यापासून थोडं आत आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, कितीतरी वर्षं राजकारणात आहेत. सकाळी सात वाजल्यापासून आमच्या व्हरांड्यात माणसं बसलेली असतात. कुणाच्या बांधाचं भांडण, कुणाची बदली, कुणाच्या पोराचा दाखला. आप्पा निवडून आले की तेरखेड्याहून जीप भरून फटाके येतात आणि दुसऱ्या दिवशी अंगणभर लाल कागदाचा चुरा पडलेला असतो. तो झाडायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं, त्यामुळे मला कुठलीही निवडणूक आठवायची म्हटली की आधी कंबर आठवते.

माझ्या दोन्ही भावांची लग्नं अशाच हिशेबानं झाली. मुरूमकडं आप्पांना माणसं कमी पडत होती, म्हणून दादासाठी तिकडची मुलगी केली. मग अणदूरकडची मंडळी रुसली, म्हणून भाऊसाठी तिकडची केली. मुलींना कुणी विचारलं नव्हतं. भावांनाही विचारलं नव्हतं, पण त्यांना नंतर गाड्या मिळाल्या.

घरात दोघींना थोरली आणि धाकटी म्हणतात. थोरल्या वहिनी आल्या तेव्हा मी आठवीत होते. दादा वाईट माणूस नाही, पण तो वहिनींशी बोलत नाही. जेवायला बसला की माझ्याकडं बघून म्हणतो, "तिला म्हणावं, मीठ कमी हाय." ती तिथंच उभी असते. मी म्हणते, "वहिनी, मीठ कमी आहे." वहिनी मला म्हणतात, "त्यांना सांग, डॉक्टरनं कमी सांगितलंय." सात वर्षं मी या दोघांची टपाल सेवा चालवली.

भाऊचं उलटं. तो बोलतो लई, पण फोनवर. धाकट्या वहिनी लग्नाआधी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होत्या. लग्न ठरवताना पुढं शिकवू असं सगळ्यांनी कबूल केलं होतं. लग्नानंतर तो विषय निघाला की भाऊला फोन येतो.

आता अशा दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडायला हवं होतं, असं मला पुस्तकी डोक्यानं वाटायचं. पण थोरलीला वाटे, धाकटीचा नवरा तिला गाडीवर बसवून तुळजापूरला नेतो, आपल्याला कधी नेलं? धाकटीला वाटे, आक्कांचा नवरा निदान ओरडत तरी नाही. आणि आक्कांकडं कपाटाच्या किल्ल्या आहेत. थोरलीनं पंचमीला झोक्याचा फोटो स्टेटसला टाकला की दहाव्या मिनिटाला धाकटीचा झोका तिच्यापेक्षा उंच गेलेला असायचा. घरात दोन मिक्सर, दोन लोणच्यांच्या बरण्या, आणि दोन चवींचा चहा. दोन्ही मला प्यावे लागत.

गेल्या वर्षी मी तिसऱ्या वर्षाला गेले आणि या चढाओढीत मीच सापडले. थोरल्या वहिनींनी मुरूमकडचं एक स्थळ आणलं, त्यांचा चुलतभाऊ. आठ दिवसांत धाकट्या वहिनींनी अणदूरकडचं आणलं, त्यांचा मावसभाऊ. दोघांकडं जमीन होती, दोघांकडं गाडी होती, आणि दोघांच्याही घरच्यांना बार तुळशीच्या लग्नानंतर लगेच उडवायचा होता. माझी परीक्षा एप्रिलमध्ये होती. मध्ये काय होणार ते मला दिसत होतं. धाकट्या वहिनींची दुसऱ्या वर्षाची पुस्तकं आमच्याच माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेली आहेत.

मी नको म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला नको म्हणता येत नव्हतं. प्रयोगशाळेत सरांनी विचारलं तरी मी उत्तर आधी शेजारणीला सांगते.

आप्पांची वेगळीच अडचण झाली होती. एका सोयऱ्याला हो म्हटलं की दुसरा रुसणार, आणि निवडणूक तोंडावर. शेवटी त्यांनी ठरवलं की महालक्ष्म्यांना कौल लावायचा. भाद्रपदात आमच्याकडं ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोन महालक्ष्म्या उभ्या करतात. लोखंडी सांगाड्याला साडी नेसवायची, वर पितळी मुखवटा ठेवायचा. घरात त्यांनाही थोरली आणि धाकटीच म्हणतात. थोरलीला थोरली सून नेसवते, धाकटीला धाकटी. जेवणाच्या दिवशी आरती झाली की दोघींच्या मुकुटावर शेवंतीचं एकेक फूल ठेवायचं. जिचं फूल आधी पडेल, त्या सुनेचं स्थळ आधी बघायचं. आमच्याकडं जे आधी बघतात तेच ठरतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

मुखवटे दरवर्षी आई घासते. गेल्या वर्षी तिच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. ती काळा चष्मा लावून खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती, म्हणून घासायचं काम माझ्याकडं आलं. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. चिंच, मीठ, लिंबू, सगळं प्रमाणात घेतलं. वर्षभराचं तेल, शेंदूर, काळपटपणा सगळा काढला. एका मुखवट्याच्या कानामागं एक कळकट लाल दोरा गुंडाळलेला होता. गाठी इतक्या घट्ट की सुटेनात. मी तो कात्रीनं कापला. मुखवटे असे चमकले की आईनं चष्म्याआडूनही ओळखलं. "कॉलेजचा उपयोग झाला बघ," ती म्हणाली. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी थोरल्या वहिनी आल्या, मी हातात आला तो मुखवटा त्यांना दिला. उरलेला धाकटीला. दोन्ही चेहरे मला सारखेच दिसत, पण नेसवणाऱ्यांना फरक कळत असेल असं मी धरून चालले. त्यांना वाटलं, मला कळत असेल.

नेसवताना थोरल्या वहिनींनी मला पदर धरायला बोलावलं. निऱ्या घालता घालता हळूच म्हणाल्या, "तू माझ्या माहेरी गेलीस ना, तर तुझा दादा माझ्या माहेरच्यांशी तरी नीट बोलंल. बहीण तिथं असल्यावर बोलावंच लागंल." त्यांच्या त्या स्थळामागं एवढंच होतं, हे मला तेव्हा कळलं.

मग धाकट्या वहिनींनी बोलावलं. त्यांना महालक्ष्मीच्या केसांना गजरा लावायचा होता. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही आमच्याकडं गेलात तर मला महिन्यातून एकदा माहेरी जायला निमित्त हुईल. आता आई आजारी असली तरी विचारून जावं लागतं." मग म्हणाल्या, "तुमची परीक्षा राहील, हे कळतं मला. मला न्हाय तर कुणाला कळणार?" आणि गजरा लावत राहिल्या. मला दोघींचाही राग येईना, ही मोठीच पंचाईत झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत चिंचेचा चोथा काढताना मला तो दोरा सापडला. आईला दाखवला आणि म्हटलं, किती घाण अडकली होती बघ. आईनं चष्मा वर केला. दोरा बोटांत फिरवला आणि तिचा चेहराच उतरला. मला काही कळेना. ती म्हणाली, "अगं, ही थोरलीची खूण. माझ्या सासूनं बांधलेली. दोघी एकाच साच्यातल्या हायत, दोऱ्याशिवाय कोण वळखणार?"

प्रयोगशाळेत लेबल नसलेली बाटली दिसली तर ती वापरायची नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. आणि मी घरातलं एकमेव लेबल कात्रीनं कापून न्हाणीत टाकलं होतं. आई म्हणाली, आता गप बस, सवाष्णी जेवू देत, देवी समजून घेईल. मी दोरा ओढणीच्या टोकाला बांधला आणि पुरणाचं वाटण बघायला गेले. सोळा भाज्या, आंबील, वर टांगलेला फुलोरा, सगळं यथासांग चाललं होतं. आईचं ऐकावं की खरं सांगावं, हे मी दुपारपर्यंत ठरवत होते. खरं म्हणजे मी काहीच ठरवत नव्हते, नुसती ताटं मांडत होते.

आरती झाली. आप्पांनी स्वतः दोन फुलं ठेवली. दादा आणि भाऊ दाराशी उभे. भाऊचा फोनसुद्धा बंद होता. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पंख्याच्या वाऱ्यानं असेल किंवा देवीच्या मनात आलं असेल, थोरल्या वहिनींनी नेसवलेल्या महालक्ष्मीचं फूल सरकलं, खांद्यावर टेकलं आणि खाली पडलं.

"थोरलीनं दिलं," थोरल्या वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धाकट्या वहिनींनी पदर सारखा केला आणि त्या गजऱ्याकडं बघत राहिल्या.

मी बोलले. आवाज इतका बारीक निघाला की आप्पांनी "काय?" असं दोनदा विचारलं.

"ती थोरली हाय का, ते मला माहीत न्हाय," मी म्हटलं आणि ओढणीचं टोक सोडून दोरा पुढं केला. मग सगळं सांगितलं, चिंचेच्या प्रमाणासकट. ते सांगायची गरज नव्हती.

थोरल्या वहिनी म्हणाल्या, "नेसवली मी. फूल माझंच."

"पण आक्का, मुखवटा धाकटीचा असला तर?" धाकट्या वहिनी म्हणाल्या. "मग फूल माझं हाय."

"साडी माझी हाय."

"फूल काय साडीनं दिलं व्हय?"

भाऊ हसला आणि आईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो पुन्हा फोन चालू करायला बाहेर गेला. आप्पांनी आईला मुखवटे निरखायला लावले. आईनं दोन्ही निरखले आणि मान हलवली. पुन्हा फुलं ठेवून बघू असं दादा म्हणाला, हे तो मला म्हणाला की वहिनींना, कळलं नाही. आई म्हणाली, एकदा कौल दिला की परत मागत नाहीत.

तालुक्यातली सगळी बांधाची भांडणं मिटवणारे आप्पा दोन मुखवट्यांपुढं हात कमरेवर ठेवून उभे होते. "मग आता करायचं काय?" ते म्हणाले. कुणालाच उद्देशून म्हणाले नव्हते. पण माझं तोंड उघडंच होतं.

"आप्पा, माझी परीक्षा एप्रिलमध्ये आहे," मी म्हटलं. "तोवर कुणालाच बघायला बोलवू नका. मला पेपर द्यायचेत."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू वेगळंच काहीतरी आलं. एप्रिलपर्यंत निवडणूक होऊन जाणार होती. मुरूमला सांगता येणार होतं की देवीनं थांबायला सांगितलं, आणि अणदूरलाही तेच. "बरोबर हाय," ते म्हणाले. "कौल न्हाय म्हणजे न्हाय. पोरगी शिकंल." माझ्या शिक्षणाची त्यांना तेव्हा किती कळकळ होती हे मी विचारलेलं नाही. मिळालं तेवढं घेतलं.

तीन दिवस दोन्ही वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. मात्र माझ्यावर रागावलेल्या असल्यानं त्यांना एकमेकींशी बोलावं लागलं. स्वयंपाकघरातून "एवढी शिकलेली, पण दोरा कळंना" असं ऐकू यायचं आणि दुसरी "व्हय की" म्हणायची. मुखवटे उतरवून गुंडाळताना त्या नवा दोरा घेऊन बसल्या. थोरली कोणती यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी दोघींच्याही कानामागं लाल दोरे बांधले आणि डबा बंद केला.

त्यानंतर सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. धाकट्या वहिनींना माहेरी जायला अजून विचारावं लागतं. पण माळ्यावरचं पोतं त्यांनी खाली काढलं आणि रसायनशास्त्राचं जुनं पुस्तक मला दिलं, समासात त्यांच्याच अक्षरात उत्तरं लिहिलेलं. ते आमच्या सरांच्या नोट्सपेक्षा चांगलं निघालं. दादा पुन्हा एकदा माझ्याकडं बघून म्हणाला, "तिला सांग, चहा दे." मी म्हटलं, "दादा, माझा अभ्यास चाललाय, तूच सांग." तो उठून बाहेर गेला. दोन दिवस त्यानं घरी चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन भिंतीकडं बघत म्हणाला, "चहा हाय का?" वहिनी म्हणाल्या, "हाय." मी पुस्तकातून मान वर केली नाही.

पहिल्या पेपरच्या दिवशी धाराशिवच्या एस.टी.त बसले तेव्हा माझ्या पिशवीत दोघींचे दोन डबे होते, थोरलीचा लाल झाकणाचा, धाकटीचा निळ्या. एकात शेंगदाण्याची पोळी, एकात धपाटे. संध्याकाळी घरी आले तर दोघी ओट्यापाशी उभ्या. पेपर कसा गेला हे थोरल्या वहिनींनी विचारलं. चांगला गेला म्हटलं. मग धाकट्या वहिनींनी अगदी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "आधी कुणाचा डबा खाल्ला?"

मी म्हटलं, "काय माहीत. झाकणं बदलली होती."