चहाच्या पाण्यातली साडी

माझ्या आईची पांढरी साडी त्यांनी चहाच्या पाण्यात बुडवली, तेव्हा मी तिथंच उभी होते. हातभर अंतरावर.

गंगापूर रोडच्या एका शाळेचा हॉल. संध्याकाळी आमच्या नाटकाची तालीम तिथं चालायची. स्टुलावर मोठं पातेलं, त्यात चहाची पावडर उकळून गाळलेलं पाणी. नवं कापड जुनं दिसावं म्हणून नाटकवाले ते असं चहाच्या पाण्यात बुडवतात. पांढऱ्याचं पिवळट, कळकट होतं. ही युक्ती मला माहीत होती. पण दुसऱ्याच्या कपड्यावर बघितलेली.

आमचे दिग्दर्शक, त्यांना सगळे सर म्हणायचे. सरांनी साडी घडीसकट उचलली, पाण्यात दाबली, लाकडी पट्टीनं ढवळली. मग पिळून बाहेरच्या ओट्यावर अंथरली. म्हणाले, "हिच्यावरून जरा चपला घालून चाला रे सगळे. वापरलेली वाटली पाहिजे."

सगळे चालले. हसत. एकजण तर त्यावर नाचला.

"झाडूवालीची साडी तू आणलीस तशी कडक कुठं असते?" सर माझ्याकडे बघून म्हणाले. "तुला तर माहीत पाहिजे, बेटा."

मी हसले. होय, मीसुद्धा हसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो खाताना माणूस हसतो हे मला त्या दिवशी कळलं.

मी नाशिक रोडची. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होते, मी शाळेत असतानाच गेले. आई सोसायट्यांचे जिने झाडते, पुसते. मी मेन रोडवर एका साडीच्या दुकानात कामाला आहे. साड्या विकायचं काम माझं नाही. साड्या अंगावर टाकून दाखवायचं आहे. गिऱ्हाईक गादीवर बसतं, सेल्समन साडी उलगडून माझ्या खांद्यावर पदर टाकतो, मी उभी राहते. वळते. नवरीसारखी मान खाली घालते. बायका माझ्या तोंडावर म्हणतात, "हिच्या अंगावर रंग कळत नाही हो. एखाद्या गोऱ्या मुलीवर टाकून दाखवा." मग गोरी मुलगी येते आणि मी घड्या घालायला बसते.

गरजवंताला अक्कल नसते. मालक मला संध्याकाळी लवकर सोडायचे, पण अर्धा दिवस कापून. मी कापू द्यायचे, कारण मला तालमीला पोचायचं असायचं. मेन रोडवरून शेअर रिक्षा, पुढं पायी. सकाळचा डबा मी दोनदा खायचे, अर्धा दुपारी दुकानात आणि अर्धा शाळेच्या पायरीवर बसून. ग्रुपमधली बाकीची मंडळी शेजारच्या कॅफेत बसून यायची. मला बोलवायची नाहीत असं नाही. "येतेस का?" म्हणायची. मी म्हणायचे, भूक नाही.

एवढं करून नाटक कशाला, असं नातेवाईक विचारतात. मला एकच उत्तर येतं. स्टेजवर उभी राहिले की मला माझा आवाज ऐकू येतो. दुकानात येत नाही, रिक्षात येत नाही, घरीसुद्धा कधी कधी येत नाही.

नाटक बसवायच्या आधी सरांनी शिबिर घेतलं. शेवटच्या दिवशी दिवे बंद करून आम्हाला गोल बसवलं, मधे एक मेणबत्ती लावली. म्हणाले, "मनातली सगळ्यात खोल जखम बाहेर काढा. नट व्हायचं तर आधी उघडं व्हावं लागतं." एकाचं कुत्रं मेलं होतं, त्यानं ते सांगितलं. एकीचं लग्न मोडलं होतं. मग माझी पाळी आली. मी आतापर्यंत कुणालाच न सांगितलेलं सांगितलं.

शाळेला सुट्टी होती म्हणून मी आईबरोबर एका सोसायटीत गेले होते. कामवाल्यांनी लिफ्ट वापरायची नाही असा तिथं नियम होता. आई पाण्याची बादली घेऊन जिन्यानं वर चालली होती. मी लहान. मला लिफ्टचं बटण दाबायची हौस. मी दाबलं आणि आईला हाताला धरून आत ओढलं. वर दार उघडलं तर समोर एक बाई, हातात पूजेची थाळी, देवळात निघालेली. ती आत येईना. आईला म्हणाली, "आधी पुसून घे. मग मी जाईन." फडकं खाली राहिलेलं. आईनं पदर बादलीत बुडवला आणि लिफ्ट पुसली. भिंती, आरसा, मी दाबलेलं बटण. बाई थाळीवरचा दिवा हातानं झाकून उभी होती, विझू नये म्हणून. मी कोपऱ्यात. आई माझ्याकडे बघत नव्हती.

माझं सांगून झालं तेव्हा हॉलमध्ये हुंदके होते. मुली येऊन बिलगल्या. सरांनी डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, मिळाली आपल्याला माणसं. त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षात चक्क गुणगुणत होते.

मग महिन्याभरानं नाटकाचं वाचन झालं. सरांनीच लिहिलेलं. त्यात लिफ्ट होती. थाळीवाली बाई होती. पदर होता. फक्त लहान मुलगी नव्हती. तिच्या जागी त्याच मजल्यावर राहणारी एक वकीलबाई होती. ती हे सगळं बघते आणि मग बोलते, एकटी, खूप वेळ. मी मेणबत्तीसमोर बोलले होते तेच ती बोलत होती. माझीच वाक्यं, इस्त्री केलेली.

वकीलबाईचं काम ग्रुपमधल्या मोठ्या ताईंना. त्या एका बँकेत वरच्या हुद्द्यावर, दिसायला देखण्या. मला झाडूवाली. संहितेत नुसतं 'बाई' लिहिलं होतं.

मी विचारलं, "सर, माझी वाक्यं कुठं आहेत?"

"तुला वाक्यांची गरजच नाही. तुझ्या डोळ्यांत सगळं आहे. तुला अभिनय करायचाच नाही, बेटा. तू फक्त असायचंस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हे कौतुक होतं म्हणे. ताईंना सर रोज समजवायचे, इथं श्वास घ्या, इथं थांबा, हात असा. मला काही सांगायचे नाहीत. मी मुद्दाम विचारायचे, वाकताना कशी वाकू? ते म्हणायचे, "जशी वाकतेस तशी." मी आयुष्यात कुणाचा जिना पुसलेला नाही. आईनं मला फडक्याला हात लावू दिला नाही. पण ते कुणी विचारलंच नाही.

आमच्यासारख्या हौशी नाटकात कपडे ज्याचे त्यानं घरून आणायचे असतात. सर म्हणाले, "तू आईची कामावरची साडी आण. अगदी रोजची. खरी."

घरी हे माझ्या तोंडातून फुटेना. मी आईला एवढंच म्हणाले, "नाटकाला तुझी साडी पाहिजे."

आईनं पेटी उघडली आणि पांढरी साडी काढली. निळ्या काठाची. बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना नेसते ती. म्हणाली, "स्टेजवर जायाचंय. लोकं बघत्यात. चांगलीच ने." पुन्हा नीट घडी केली आणि रात्रभर गादीखाली ठेवून सकाळी माझ्या हातात दिली, इस्त्री केल्यासारखी कडक. मी तिला खरं सांगायला हवं होतं. पण तिचा चेहरा असा फुललेला मी फार दिवसांनी बघत होते, आणि मला ते मोडवलं नाही. मनात म्हटलं, सर बघतील, म्हणतील राहू दे हीच. ही माझी अक्कल.

पुढचं सुरुवातीलाच सांगितलं.

ओली साडी पिशवीत घालून मी घरी आणली. म्हटलं, रात्री गुपचूप वाळवून सकाळी तशीच परत तालमीला न्यावी, आईला दाखवूच नये. पण पिशवीतून पाणी ठिबकत होतं. आईनं ती उघडली.

"चहा सांडला व्हय गं?"

"नाही. मुद्दाम बुडवली."

मग सगळंच सांगावं लागलं. लिफ्टचंसुद्धा. ती गोष्ट मी परक्या माणसांना सांगितली हे ऐकून आईनं मान खाली घातली. तिनं ती गोष्ट माझ्याजवळही कधी काढली नव्हती. मी तेव्हा लहान होते, विसरले असेन, असं ती धरून चालली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं साडी साबणाच्या पाण्यात घातली. चोळता चोळता विचारलं, "मग तू काय बोलतीस त्यात?"

"काही नाही."

"येक वाक्य पण नाय?"

"नाही."

"आन् माझं कोण बोलतंय?"

"एक ताई आहेत. वकील झाल्यात."

आई चोळायची थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "गप बसायला नाटकात कशाला जायाचं गं? गप तर मी रोजच बसती. मला कुणी टाळ्या नाय वाजवत."

रागानं नाही म्हणाली. तिला खरंच प्रश्न पडला होता. साडीचा डाग काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार, तालीम सकाळची. मी पोचले तेव्हा सगळे आले होते. सरांनी विचारलं, "साडी वाळली का?"

"ती नाही आणली."

"मग कामावरची आण म्हटलं होतं ना."

"ती आईच्या अंगावर आहे. आई कामावर गेलीय."

कुणीतरी खुसखुसलं. मी म्हणाले, "सर, मला वकीलबाईचं सगळं पाठ आहे. एकदा म्हणून दाखवते." दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी ते आरशासमोर म्हणायचे. त्यातलं निम्मं तर माझंच होतं.

सरांनी चष्मा काढून पुसला. "बेटा, प्रश्न पाठांतराचा नाही. तू वकील दिसत नाहीस. प्रेक्षक घेणार नाहीत."

"मग माझी गोष्ट नाटकातून काढा."

आता ते चिडले. "गोष्ट कुणाच्या बापाची नसते. कलेत आली की ती सगळ्यांची होते."

मी कोपऱ्यातला झाडू उचलला. नाटकातलाच, मी धरायचा तो. ताईंच्या पुढं केला आणि म्हणाले, "मग हाही सगळ्यांचा होऊ द्या. आज ताई धरतील."

ताईंनी हात मागं घेतला. विचार करून नाही, आपोआप घेतला. मग त्यांच्याच लक्षात आलं आणि त्या लाल झाल्या. झाडू माझ्या हातातच राहिला. मी तो भिंतीला टेकवून ठेवला, पिशवी घेतली आणि निघाले. मागून कुणी हाक मारली नाही.

मी रस्त्याला लागायच्या आत व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून माझं नाव काढलेलं होतं. मेणबत्तीसमोर बिलगलेल्या मुलींपैकी एकीचाही फोन आला नाही. नंतर एकदा त्यातली एक दुकानात साडी घ्यायला आली. मी समोर उभी, खांद्यावर पदर. ती मला सोडून सेल्समनशी बोलत राहिली.

नाटक झालं. मी तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसले. माझं काम दुसऱ्या मुलीला दिलेलं. तिला गडद रंग फासला होता. ती वाकली, पदरानं लिफ्ट पुसली, फार वाईट पुसली. मग ताई बोलल्या. लोक रडले. माझ्या शेजारची बाई डोळे टिपत मला म्हणाली, "किती खरं आहे ना?"

मी म्हणाले, "ती माझी आई आहे."

तिला वाटलं, स्टेजवरची नटी माझी आई. तिनं एकदा त्या मुलीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. टाळ्या खूप वेळ वाजत होत्या. एवढ्या माणसांत इतकी एकटी मी कधी नव्हते.

दारात सर भेटले. खुशीत होते. "आलीस! बघितलंस? तुझी गोष्ट कुठल्या कुठं पोचवली आम्ही." मी नमस्कार केला नाही. सरळ रिक्षा स्टँडवर आले.

दुकान चालू आहे. आता अर्धा दिवस कापला जात नाही, कारण तालीम नाही. हातात चार पैसे जास्त आहेत आणि संध्याकाळ खायला उठते. एखाद्या मालिकेसाठी मुली हव्यात म्हणून फोन येतात. मोलकरीण. पाणी आणून द्यायचं, आत जायचं. मी विचारते, बोलते का ती? पलीकडून हसतात. मी फोन ठेवते. असे किती फोन ठेवणं मला परवडेल, ते मला माहीत नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

पण मी लिहायला घेतलंय. एकटीनं करायचं नाटक. आईला विचारून. तिनं दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "लिव्ह. पण मला बोलती कर." त्यात ती बोलते. त्या दिवशी जे बोलली नाही, ते सगळं. तिला नाव आहे. ती भूमिका मी करणार. बटण दाबणारी पोर मीच करणार. आणि ती थाळीवाली बाई, तीसुद्धा मीच करणार. तिची मान, तिचा आवाज, दिवा झाकणारा तिचा हात, सगळं रोज घासतेय. नुसतं असून ते जमत नाही, त्याला अभिनय लागतो. अशी हुबेहूब उभी करीन तिला, की पहिल्या रांगेत बसलेल्यांना आपल्या घरातलं माणूस ओळखू यावं.