हरभऱ्यातला हिरवा गोल

रूपला विहिरी खोदायचा. वाशीम-शिरपूर पट्ट्यात त्यानं खोदलेल्या अठरा विहिरींना पाणी लागलं होतं. त्यातल्याच एका विहिरीत त्याचा भाऊ लखीराम कड ढासळून गाडला गेला.

१९५७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर जगदेव पाटलांच्या वावरात उत्खननाचे साहेब आले. त्यांच्याजवळ विमानातून काढलेला फोटो होता. सुकत्या हरभऱ्यात एक गर्द, वाटोळा डाग.

"खाली बुजलेली जुनी विहीर असावी," साहेब म्हणाले. "भरावात ओल टिकते, म्हणून तेवढंच पीक हिरवं राहिलं."

"जन्म गेला इथं," जगदेव म्हणाले, "पण हा गोल आमाले कधी दिसला नाई."

रूपला आणि त्याचा जोडीदार रामधन खाली खोदत, रूपलाची बायको भुरीबाई वर टोपली ओढे. चौथ्या दिवशी, बारा हातांवर, जुन्या विटांची कड लागली. साहेब आनंदून काठावर वाकले. रूपलाचं लक्ष मात्र विटांच्या फटीतून गळणाऱ्या मातीकडे होतं.

"साहेब, आता सरळ खाली नाई. वरून तिरपं कापा लागते."

"त्याला आठवडा जाईल. आणखी दोन हात, मग थांबू."

"विहीर दिसली तुमच्या फोटोत. माती कवा पडन, ते दिसते काय त्यात?"

भुरीबाईनं टोपली बाजूला टाकली आणि दोर खाली सोडला.

"तुमी वर या."

रूपलानं आधी रामधनला चढवलं. दोर पुन्हा खाली आला, तोवर विटा पोटासारख्या फुगल्या होत्या. त्यानं दोर कमरेला गुंडाळला आणि पाय उचलला, तोच कड बसली. माती मांड्यांपर्यंत आली. वर भुरीबाई, रामधन आणि जगदेव ओढत होते. साहेबांनीही दोर धरला. रूपला निघाला तेव्हा त्याच्या कमरेची आणि साहेबांच्या तळहातांची सालपटं निघालेली होती.

मग साहेबांनी विचारलं, "तिरपं किती कापायचं?"

रूपलानं काठीनं रेघ आखून दिली.

वैशाखात तळ लागला. फुटकी मडकी निघाली, एक दगडी पाटा निघाला. रूपला तेव्हा खाली नव्हता. विहिरीत उतरणं त्यानं कायमचं सोडलं होतं. बायकोनं सांगितलं म्हणून नाही, असं तो सगळ्यांना सांगे. भुरीबाई ते ऐकून घेई.