सावकाश बोला, मी लिहून घेतेय

इल्से आज सकाळी गेली.
एक नंबरची खोटारडी बाई. सांगतेच.

वय ब्याऐंशी. तरुणपणी पूर्व जर्मनीत सरकारविरुद्ध पुस्तकं लिहिली, पत्रकं वाटली, तुरुंगात गेली. मग इंग्लंडात लीड्सला आली, पण मोर्चे काही सुटले नाहीत.

मी तिची केअरर. रोज सकाळी आंघोळ, गोळ्या, नाश्ता. हात इतके थरथरायचे की कार्डिगनची बटणंसुद्धा मीच लावायचे. शेवटचं पुस्तक तिने तोंडी सांगून लिहवून घेतलं.

मॅडम म्हटलं की भडकायची. म्हणून हे अगंतुगं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या एजन्सीचा मॅनेजर तिच्या घरी आला. म्हणे, मी तीन दिवस कामावर फिरकलेच नाही.
साफ खोटं! त्यांचं हजेरीचं अ‍ॅप बंद होतं, म्हणून माझी नोंद झाली नव्हती.

त्याने कागद पुढे केला. "चूक मान्य कर. साइन."
साइन केलं की नोकरी गेली, एजन्सीची स्पॉन्सरशिप गेली. व्हिसा गेला. लेकीची शाळा सोडवून सरळ नागपूर.

"ही रोज आली होती," इल्से म्हणाली.
तो हसला. "या वयात मेमरीचं काय खरं!"

इल्सेने मांडीवर वही उघडली.
"सावकाश बोला. मी लिहून घेतेय."

तो माझ्याकडे वळला. "तुझा व्हिसा आमच्या हातात आहे, लक्षात ठेव."
"आमच्या हातात... हं. पुढे?"

त्याने वहीकडे हात केला. मग म्हणाला, "बघू, काय लिहिलंय?"

मेले!
मला दिसत होतं ना. पानभर नुसत्या रेघोट्या.

तिने शांतपणे वही मिटली. "जरूर. माझा वकील कॉपी पाठवेल."
त्याने कागद उचलला आणि निघून गेला.

मी तिच्यावर उखडले. "अगं, त्याने वही ओढली असती तर?"
"नाही ना ओढली? आता तू लिही."
आणि तिने अख्खी मीटिंग शब्दन् शब्द सांगितली. तुरुंगात कागद मिळायचा नाही, तेव्हाची सवय.

"ही तक्रार पाठव. साक्षीला मी आहे."

मी नाही पाठवली. नोकरी टिकली होती, विषाची परीक्षा कशाला?
म्हटलं, भीती गेली की पाठवीन.
"ती जात नसते गं. मलाही अजून वाटते."

आज दुपारी पाठवली.
वर्षभर ड्रॉवरमध्ये ठेवली होती मी. माझी एकुलती एक साक्षीदार जाईपर्यंत.

माफ कर, इल्से.
तुला माझा क्रांतिकारी जय भीम.