डेल्फिनाचं साठावं क्रेडिट

पहाटे टुलेरी गावातल्या चीज कारखान्यात राबायचं आणि दुपारी कम्युनिटी कॉलेजात भूगोल शिकायचा, असं डेल्फिना बोर्जेसनं सहा वर्षं रेटलं. नद्या झाल्या, वारे झाले, हिमनद्याही तोंडपाठ झाल्या. आता युनिव्हर्सिटीत जाऊन भूगोलाची पदवी घ्यायची, एवढाच बाईला ध्यास. तिथे प्रवेशाला साठ क्रेडिटं लागतात. हिची भरली एकोणसाठ!

"अगं, बोलिंग घे की," कॉलेजातल्या सल्लागारबाई म्हणाल्या. "एक क्रेडिट, आणि मजा वेगळी."

घ्या! अख्खी पृथ्वी पालथी घातलेल्या बाईला युनिव्हर्सिटीच्या दारात अडवणार कोण, तर जड चेंडू घरंगळवून पाडायच्या दहा लाकडी पिना. पण डेल्फिना मनातून खूश झाली. तिचे वडील मॅनी यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाईंच्या धारा काढल्या, पण गुरुवारचं बोलिंग कधी चुकवलं नाही. चेंडू हातात घेतला की मन लावूनच टाकायचा, हे त्यांनी लेकीला लहानपणीच शिकवलं होतं.

पहिल्याच दिवशी तिनं पिनांची अशी धूळधाण उडवली की शेजारच्यांनी खेळ थांबवून टाळ्या वाजवल्या. तीनशेपैकी दोनशे दहा! मग लिंडक्विस्ट सर नियम सांगायला उभे राहिले.

"इथे गुण प्रगतीला. शेवटच्या दिवशी आजच्यापेक्षा वीस जास्त काढाल, तर पास."

बाकीच्यांचे चेंडू इतका वेळ पिना सोडून कडेच्या गटारात का जात होते, ते तिला तेव्हा कळलं. अख्ख्या कॉलेजाला ही गोष्ट ठाऊक होती. हिलाच तेवढी नव्हती.

शेवटच्या दिवशी तिनं जीव तोडून दोनशे चोवीस काढले.

"सर, वर्गात दुसरं कुणी शंभरीसुद्धा गाठली नाहीये!"

"पण त्यांची प्रगती बघ ना," सर हळहळले. "तुझे फक्त चौदा वाढले. मी तरी काय करू?"

झालं. बाई बोलिंगमध्ये नापास. युनिव्हर्सिटीनं मेहेरबानी करून उन्हाळा संपेपर्यंत मुदत दिली, म्हणून तिनं तोच वर्ग पुन्हा घेतला. पहिल्या दिवशी मॅनी इस्त्रीचा शर्ट घालून, घरच्या गोड पावाची पिशवी घेऊन बघायला आले.

"दाखव त्या टकल्या मास्तराला, बोर्जेस म्हणजे काय ते!"

डेल्फिनानं चेंडू उचलला, एकदा वडिलांकडे बघितलं आणि मनगट ढिलं सोडलं. चेंडू गटारात. दुसराही गटारात. तिसरा तर निम्म्या वाटेतच घसरला.

"शाब्बास!" सर खुलले. "आता कशी प्रगतीला जागा झाली!"

मॅनींनी पिशवी खुर्चीवर ठेवली.

"पप्पा, रागावू नका ना. मला युनिव्हर्सिटीत जायचंय हो."

"जा की, बाळा. जायलाच हवं." त्यांनी टोपी चढवली. "तुझं हे आटपेपर्यंत मी बाहेर थांबतो."