डिकीत बसून दिसलेला उजेड

नितीनची गाडी तिसऱ्या दिवशी परत आली तेव्हा तिच्यातून जळका वास येत होता, आणि मला बरं वाटलं. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं खोटं होईल.

नितीन काशीदचा. घराच्या चार खोल्या पाहुण्यांना देतो, आणि रेवसच्या जेट्टीवर उतरलेल्या पाहुण्यांना स्वतःच्या गाडीतून घेऊन येतो. त्याला गाडीत दणका हवा होता, पण डिकी मोकळी पाहिजे होती, कारण बॅगा तिथेच जातात. वूफर म्हणजे जड, छातीत लागणारा आवाज देणारा मोठा स्पीकर. एरवी तो लाकडी बॉक्समध्ये बसवून डिकीत ठेवतात. बॉक्सने अर्धी डिकी खाल्ली असती. म्हणून दोन वूफर मागच्या काचेखालच्या फळीत, बॉक्सशिवाय बसवायचं ठरलं.

काम आमच्या गाड्या सजवायच्या दुकानात आलं आणि प्राजक्ताला मिळालं. आयटीआय केलेली, उंच, माझ्या निम्म्या वयाची. वूफरबरोबर आलेला इंग्रजी कागद ती बसल्या बसल्या वाचते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून बोलते. मी त्याच दुकानात अकरा वर्षं सीट कव्हर शिवते आणि अजून गिऱ्हाईक आलं की मशीनवर मान खाली घालते. मला शेठ रंजना म्हणतात. तिला पहिल्या आठवड्यातच मॅडम म्हणू लागले.

माझं मशीन पुढे, खिडकीशी. तिथे वारा येतो, रस्ता दिसतो. नितीनची गाडी कामाला घेतली त्या दिवशी शेठ म्हणाले, "ही गाडी चांगली वाजली तर साऊंडचं काम वाढवू. रंजना, तुझं मशीन मागल्या शेडमध्ये घेऊ. इथं मॅडमचा काउंटर टाकू."

मी "बरं" म्हटलं. शेडवर पत्रा आहे. दुपारी तिथे मांजरसुद्धा बसत नाही.

प्राजक्ताने काम मन लावून केलं. बॉक्सशिवाय चालणारे वूफर निवडले. फळीखाली जाड प्लायवूड लावलं, गोल कापलं, कडेला फोमची पट्टी दिली. तोवर मागची सीट माझ्याकडे कव्हरला होती. कव्हर चढवून मी सीट बसवायला गेले, तर सीटच्या पाठीमागच्या पत्र्यात कंपनीचीच भोकं दिसली. तळहात जाईल एवढी तीन, आणि वर कोपऱ्यात दोन फटी. त्यातून डिकी सरळ दिसत होती.

वूफर एकाच वेळी पुढे हवा ढकलतो आणि मागे ओढतो. बॉक्स नसला की बंद डिकी हाच बॉक्स. डिकीतली हवा भोकातून पुढे आली तर ढकललेली आणि ओढलेली हवा एकमेकींना मारतात, आवाज उरत नाही. हे मला प्राजक्तानेच जेवताना सांगितलं होतं. ती पुढे डॅशबोर्डखाली वायरी ओढत होती. एक हाक मारायची होती. मी भोकांवर सीट बसवली, क्लिप दाबल्या आणि हात पुसले.

संध्याकाळी वाजवून बघितलं तर डबा बडवल्यासारखा आवाज. प्राजक्ताने एका वूफरच्या वायरी उलट्या करून बघितल्या, परत सुलट केल्या. फरक नाही. नितीनला घाई होती. "र्‍हाऊ दे, आवाज जरा वाढवीन," म्हणाला आणि गेला. त्याने एवढा वाढवला की एका वूफरची कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, जळली.

तर तो परत आला. "शेठ, पाहुने हसले मला. गाडी हाय का पत्र्याची पेटी?"

शेठनी सगळा राग प्राजक्तावर काढला. "मॅडम, आज गाडी वाजली न्हाय तर उद्यापासून घरी बसायचं."

ती रडली नाही. ओठ चावून डिकीत वाकून बघत राहिली. भोकांवर पलीकडून माझी सीट दाबून बसली होती, उजेड येत नव्हता, तिला काही दिसणार नव्हतं. शेठ म्हणाले, "सीट कोणी बसवली? रंजनाने ना? तिला विचार, काही सैल र्‍हायलं का."

प्राजक्ता वर न बघताच म्हणाली, "जाऊ द्या हो शेठ. ताईंना यातलं काय कळणार?"

मी उठले. अकरा वर्षांत गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदा बोलले. "सीटच्या मागे तीन भोकं हायेत. वर दोन फटी. तुझी हवा तिथून जाते."

मग शेठ म्हणाले, "तू कधी बघितलीस?"

"परवा."

नितीन मोठ्याने हसला. शेठ हसले नाहीत. "मग आता तुम्हीच बुजवा दोघींनी मिळून," म्हणाले आणि जळालेल्याच्या जागी दुसरा वूफर आणायला आत गेले.

माझे बाबा होड्या दुरुस्त करायचे. होडी वाळूत पालथी घालायचे आणि मला खाली पाठवायचे. आतून उजेड कुठे दिसतो ते मी ओरडून सांगायची, ते बाहेरून तिथे कापसाची वात ठोकायचे. बाहेरून फट सापडत नाही, अंधारातून सापडते.

प्राजक्ताला म्हटलं, "सीट काढ. मी डिकीत बसते, तू वरून झाकण लाव." ती बघतच राहिली. मी बारीक अंगाची, पाय पोटाशी घेऊन मावले.

मोठी भोकं तिने पत्रा कापून बंद केली, वर डांबरी शीट चिकटवली. मग लहान फटी. मी आतून सांगायची, "डावीकडे, बेल्टच्या खाली." ती तिथे फोम कोंबायची. आत उकडत होतं, डांबराचा वास डोक्यात जात होता.

मधेच ती पत्र्यापलीकडून हळूच म्हणाली, "ताई, परवा का नाही सांगितलं?"

उजेडात मी उत्तर दिलं नसतं. "माझं मशीन हलवणार होते."

पलीकडे फोम फाडल्याचा आवाज आला. मग, "उजव्या कोपऱ्यात अजून दिसतंय का?"

"दिसतंय. सुईएवढं."

तिने तेही बुजवलं. आत काळोख झाला तेव्हा मी झाकणावर थाप मारली.

दुसरा वूफर बसवून गाडी वाजवली, तर आतला आरसा थरथरायला लागला. नंबर प्लेट खडखडली, तिच्यामागे मी जाड कापड शिवून दिलं. नितीन पोटावर हात ठेवून म्हणाला, "आता लागतंय बगा हितं!" शेठ म्हणाले, "शाब्बास, मॅडम!"

प्राजक्ता म्हणाली, "भोकं ताईंनी शोधली." शेठ म्हणाले, "हो हो. आणि लपवली पण तिनंच."

पुढच्या सोमवारी माझं मशीन शेडमध्ये गेलं. खिडकीशी तिचा काउंटर आहे.

बॉक्सशिवाय वूफर बसवणाऱ्याने आधी मागची सीट काढावी, डिकीत माणूस बसवून झाकण लावावं, उजेड दिसेल तिथे बुजवावं आणि मगच वायरीला हात लावावा. सीट शिवणाऱ्या बाईलाही एकदा विचारावं.

आता तसं काम आलं की प्राजक्ता शेडमध्ये येऊन मला बोलावते. फोम कोंबायला तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, ते मला अजून आवडत नाही. पण तिची उंची जास्त आहे. डिकीत ती मावत नाही.